रेव्हरंड गेरिट केर्स्टन व त्यांचा लहानसा पक्ष

थोर पुरुषांची चरित्रे वाचून त्यांचे गुण उचलावेत, असा उपदेश वडीलधारी मंडळी विद्यार्थ्यांस करीत आली आहेत. तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्या चरित्रात अनुकरण करावे असे थोडे आणि सावध व्हावे असेही थोडे आहे, अशी माणसे मनुष्यजातीत अधिक असतात, आणि त्यांच्या चरित्रापासून मिळणारे शिक्षण कधी कधी जास्त खोल असते. हॉलंड देशातील रेव्हरंड गेरिट हेंड्रिक केर्स्टन हे अशांपैकी होत. एका गरीब व अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाचे ते पाळक. त्यांनी एक राजकीय पक्ष काढला, एका रात्रीत एक मंत्रिमंडळ खाली आणले, आणि आयुष्याच्या अखेरीस पार्लमेंटाचे दार त्यांस बंद झाले. त्यांच्या देशात आजही त्यांचे नाव घेताच कोणी आदराने मान लववितो, तर कोणी कपाळास आठी घालतो. असे का, ते ह्या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम त्या देशाची ओळख करून घेऊ. हॉलंड, म्हणजेच नेदरलंड्स, हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढाही भरत नाही. कोकणात वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती ते डच व्यापारी ह्याच देशाचे. ह्या देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीहून खाली आहे. आपल्या बारामती-इंदापुराच्या माळावर पाणी नाही म्हणून ते नीरेच्या कालव्याने दुरून आणावे लागते. तेथे पाणी फार म्हणून ते बांध घालून बाहेर ठेवावे लागते. बांध एका जागी फुटला तर साऱ्या गावाची शेते खारी होतात. रात्रंदिवस बांधावर पहारा ठेवणाऱ्या लोकांच्या स्वभावात एक प्रकारचा सावधपणा व हट्टीपणा येतो. लहानशी फट आज सोडली तर उद्या समुद्र आत येईल, ही त्यांची समजूत. धर्माच्या बाबतीतही त्यांपैकी पुष्कळांची हीच समजूत होती, व केर्स्टन ह्यांचे सारे चरित्र ह्या समजुतीवर उभे आहे.

सोळाव्या शतकात ह्या भूभागावर स्पेनच्या रोमन कॅथलिक राजाची सत्ता होती. तेथील प्रॉटेस्टंट लोकांनी आपला विश्वास काय आहे हे राजास कळावे म्हणून १५६१ साली त्याची कलमवार कबुली तयार केली. तीस बेल्जिक मतांगीकार म्हणतात. तिचा लेखक गीदो द ब्रे नावाचा पाळक होता. १५६७ साली राज्याधिकाऱ्यांनी त्यास फाशी दिले. ह्या मतांगीकाराचे छत्तिसावे कलम राज्याधिकाऱ्यांच्या कर्तव्याविषयी आहे. राज्यकर्त्यांनी केवळ चोरदरोडेखोरांचे पारिपत्य करून थांबू नये, तर खऱ्या उपासनेचे रक्षण करून मूर्तिपूजा व खोटी उपासना नाहीशी करावी, असा त्या कलमाचा आशय होता. ज्याने हे लिहिले त्याचाच जीव राज्यसत्तेने धर्माच्या कारणास्तव घेतला, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

पुढे डच लोकांनी स्पेनशी दीर्घ युद्ध करून १६४८ साली आपले स्वातंत्र्य मान्य करवून घेतले. प्रॉटेस्टंट मंडळीस राज्याचा आश्रय मिळाला; परंतु आश्रयाबरोबर सुस्तीही आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राजाने मंडळीवर सरकारी नियम लादले, आणि अनेक उपदेशकांच्या तोंडून जुना विश्वास ऐकू येईनासा झाला. तेव्हा १८३४ साली हेन्ड्रिक द कॉक नावाच्या पाळकाने व त्याच्या मंडळीने राजमान्य मंडळी सोडली. सरकारने ह्या लोकांवर दंड बसविले व त्यांच्या घरांत शिपाई ठेवले. पुष्कळ कुटुंबे ह्या जाचाने व गरिबीने अमेरिकेस निघून गेली. १८४० साली लेडेबूर नावाच्या दुसऱ्या एका पाळकाने सरकारी नियमांचे पुस्तक व नव्या गीतांचे पुस्तक व्यासपीठावरून खाली टाकले व नंतर ती दोन्ही जमिनीत पुरली! आपणांस ह्याचे हसू येईल. परंतु जुनी स्तोत्रे गात वाढलेल्या त्या साध्या लोकांस तो सद्सद्विवेकाचा प्रश्न वाटत होता. असेच काहीसे १८४३ साली स्कॉटलंडातही झाले, आणि त्याची झळ आपल्या मुंबईपर्यंत पोहोचली. डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजमान्य मंडळी सोडून फ्री चर्चची बाजू घेतली, व त्यापायी त्यांस आपल्या शाळेच्या इमारतीवरही पाणी सोडावे लागले.

अशा बाहेर पडलेल्या लोकांच्या लहान लहान मंडळ्या हॉलंडच्या खेड्यापाड्यांत, विशेषतः झेलंड प्रांतात, पसरल्या होत्या. बहुतेक लोक शेतकरी, शेतमजूर व कोळी. त्यांस शिकलेले पाळक मिळत नसत. कोणी वडील जुन्या पाळकांचे छापील उपदेश वाचून दाखवी आणि त्यावर उपासना चाले. रविवार कडकडीत पाळावा, पोशाख काळा व साधा असावा, नाटकतमाशे वर्ज्य करावे, अशी त्यांची राहणी होती. ह्याच परंपरेत वाढलेले गेरिट केर्स्टन ह्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८२ रोजी डेव्हेंटर गावी झाला. त्यांस विद्यापीठाची पदवी नव्हती. परंतु बुद्धी तीव्र, वाणी स्पष्ट व कामाचा उरक विलक्षण. १९०५ साली झेलंडमधील मेलिस्केर्के गावी त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, व पुढच्याच वर्षी रॉटरडॅम ह्या मोठ्या बंदराच्या शहरी मंडळीने त्यांस बोलाविले.

तरुण केर्स्टन ह्यांच्या ध्यानी आले की, आपले लोक विश्वासाने बळकट आहेत पण फुटीने दुबळे आहेत. लेडेबूरच्या अनुयायांच्या मंडळ्या निराळ्या, वधस्तंभाखालच्या मंडळ्या असे म्हणवून घेणाऱ्या निराळ्या. दोहोंची शिकवण जवळजवळ एकच, पण एक पक्ष स्तोत्रांचा जुना पद्यानुवाद गाई व दुसरा त्यानंतरचा. १९०७ साली दोन्हीकडच्या मंडळ्यांची एकी होऊन एक संघ झाला, व ह्या एकीचा मुख्य कर्ता पंचविशीतला हा पाळक होता. काही मंडळ्या जुन्या चालीरीतींच्या आग्रहामुळे बाहेरच राहिल्या. तरी जे काम वडीलधाऱ्यांच्या हातून अनेक वर्षांत झाले नव्हते ते बऱ्याच अंशी पार पडले. १९१२ साली ते यर्सेके ह्या कालवे व शिंपले काढणाऱ्या कोळ्यांच्या गावी पाळक म्हणून गेले आणि चौदा वर्षे तेथे राहिले. राजकारणात त्यांचा प्रवेश झाला तो येथूनच.

आता हॉलंडच्या राजकारणाकडे वळू. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक मोठा पक्ष त्या देशात आधीच होता. तो डॉ. अब्राहाम काउपर ह्या विद्वान पाळकाने १८७९ साली संघटित केला होता. काउपर ह्यांनी वृत्तपत्र चालविले, १८८० साली विद्यापीठ स्थापिले, आणि १९०१ ते १९०५ पर्यंत ते देशाचे मुख्य प्रधान होते. त्यांची मोठी मागणी अशी की, ख्रिस्ती आईबापांनी स्वतःच्या पैशाने चालविलेल्या शाळांस सरकारी शाळांप्रमाणेच सरकारी मदत मिळावी. हीच मागणी रोमन कॅथलिक लोकांचीही होती. म्हणून तीन शतके एकमेकांचे शत्रू असलेले हे दोन समाज निवडणुकीत हात मिळवू लागले. १९१७ साली सर्व पक्षांची तडजोड होऊन दोन गोष्टी एकदम पदरात पडल्या : धार्मिक शाळांस सरकारी शाळांच्या बरोबरीने मदत, आणि सर्व प्रौढ पुरुषांस मताधिकार. स्त्रियांस तो १९१९ साली मिळाला.

काउपर ह्यांच्या पक्षात ह्या विजयाने आनंदीआनंद झाला. परंतु झेलंडच्या खेड्यांतील लोकांच्या मनात निराळेच विचार चालले होते. काउपर ह्यांच्या मंडळ्यांच्या धर्मसभेने १९०५ साली छत्तिसाव्या कलमातील मूर्तिपूजा नाहीशी करण्याविषयीचे शब्द गाळून टाकले होते. आजच्या काळात राज्यसत्तेने धर्मात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. केर्स्टन ह्यांस ही बांधाला पडलेली फट वाटली. पूर्वजांनी जी कबुली रक्त सांडून राखली तिच्यातील शब्द सोयीसाठी कसे खोडावे? शिवाय सरकार दिवसेंदिवस घरात शिरत होते. १८७२ च्या कायद्याप्रमाणे शाळेत येणाऱ्या मुलांस देवी टोचणे सक्तीचे होते. पुढे कामगारांच्या सक्तीच्या विम्याचे कायदे आले. हे लोक म्हणत की, रोग व संकट देवाच्या हातून येते. त्याविरुद्ध आगाऊ तटबंदी करणे म्हणजे देवाच्या पालनावर अविश्वास दाखविणे होय. हा विचार आपणांस पटणार नाही, व पटूही नये. ज्या देवाने औषधीत गुण ठेवला त्याचेच दान म्हणून लस घ्यावी, असे बहुतेक ख्रिस्ती लोक मानतात. तथापि ज्याच्या मनास एखादी गोष्ट पाप वाटते त्याच्यावर कायद्याने तिची सक्ती करावी की काय, हा प्रश्न खोटा नव्हता.

येणेप्रमाणे मने तापलेली असता, २४ एप्रिल १९१८ रोजी, झेलंड प्रांताच्या मिडलबर्ग ह्या मुख्य शहरी काही पाळक व गृहस्थ जमले. युरोपात पहिले महायुद्ध अद्याप चालू होते, व हॉलंड तटस्थ होते. त्या सभेत स्टाटकुंडिग गेरेफॉर्मीर्ड पक्ष स्थापन झाला. राज्यकारभारात सुधारित मताचा, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेचा, पुरस्कार करणारा पक्ष असा त्या नावाचा अर्थ आहे. छत्तिसावे कलम एकही शब्द न गाळता मानावयाचे, हा पक्षाचा पाया ठरला. अध्यक्ष म्हणून केर्स्टन ह्यांची निवड झाली. त्यांचे वय तेव्हा पस्तीस होते.

असा लहान पक्ष पार्लमेंटात पोहोचू शकतो, ह्याचे आपल्याकडील वाचकांस नवल वाटेल. आपल्या देशात प्रत्येक मतदारसंघात ज्यास सर्वांत अधिक मते तो निवडून येतो. इतरांस पडलेली मते फुकट जातात. हॉलंडमध्ये १९१७ च्या सुधारणेने प्रमाणशीर प्रतिनिधित्व आले. साऱ्या देशातील मते एकत्र मोजावयाची व ज्या पक्षास शंभरातून जितकी मते तितक्या जागा त्यास द्यावयाच्या. कनिष्ठ सभागृहात तेव्हा शंभर सभासद असत. अर्थात शंभरात एक मत मिळविणाऱ्या पक्षासही एक खुर्ची मिळे. १९१८ च्या निवडणुकीत ह्या नव्या पक्षास सुमारे पाच हजार मते पडली. ती एका जागेस पुरली नाहीत. केर्स्टन खचले नाहीत. गावोगाव हिंडून त्यांनी व्याख्याने दिली, १९२१ साली डे बानीर, म्हणजे निशाण, नावाचे वृत्तपत्र सुरू झाले, आणि १९२२ साली ते स्वतः पक्षाचे पहिले व एकटे सभासद म्हणून सभागृहात जाऊन बसले.

काळ्या पोशाखातील हा पाळक शंभरांत एकटा उभा राहून बोलू लागला की प्रथम पुष्कळांस गंमत वाटे. परंतु त्यांची तयारी पक्की असे. रविवारच्या दिवशी चालणाऱ्या आगगाड्या, सोडती, सक्तीची लस, सक्तीचा विमा, ह्या प्रत्येक विषयावर ते एकाच कसोटीने बोलत : पवित्र शास्त्र काय सांगते? मंत्रिपद मिळण्याची त्यांस आशा नव्हती. म्हणून कोणाची मर्जी राखण्याचेही कारण नव्हते. अशा मनुष्याची सभागृहात एक निराळीच शक्ती असते. ज्यांनी तत्त्व थोडे सैल केलेले असते त्यांस तो त्यांच्याच जुन्या वचनांची आठवण देत राहतो.

ही शक्ती १९२५ साली सर्व देशास दिसून आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, हॉलंड सरकारने रोम येथे पोपच्या दरबारी पुन्हा आपली वकिलात ठेवली होती. युद्ध संपले तरी ती चालूच राहिली. केर्स्टन सभागृहात आल्यापासून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी ह्या वकिलातीचा खर्च गाळावा अशी उपसूचना मांडीत, व ती दरवर्षी नापास होई. १९२५ च्या ऑगस्टात कोलाइन ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. ते स्वतः काउपर ह्यांच्या पक्षाचे पुढारी. त्यांच्या मंत्रिमंडळास रोमन कॅथलिक पक्ष व प्रॉटेस्टंटांचे दोन पक्ष ह्यांचा पाठिंबा होता. ह्या दोहोंपैकी एका पक्षाने आपल्या मतदारांपुढे वकिलातीविरुद्ध बोलून ठेविले होते. विरोधी समाजवादी व उदारमतवादी सभासदांस पोपच्या वकिलातीचे फारसे सोयरसुतक नव्हते. परंतु सरकारी आघाडीत फूट पाडण्याची संधी त्यांनी ओळखली.

११ नोव्हेंबर १९२५ रोजी उपसूचना मतास टाकली गेली. बाजूने ५२ व विरुद्ध ४२ मते पडली! वकिलात रद्द झाली. त्याबरोबर चारही रोमन कॅथलिक मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि तीन महिन्यांचे मंत्रिमंडळ कोसळले. नवे मंत्रिमंडळ उभे राहण्यास पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. डच इतिहासात ही घटना केर्स्टनची रात्र ह्या नावाने ओळखली जाते. ज्या पक्षाच्या सभागृहात दोनच खुर्च्या होत्या त्याने सरकार पाडले, ह्याचा त्याच्या अनुयायांस अभिमान वाटला. परंतु विचार केला असता दिसते की, त्या रात्री मिळालेली ५२ मते एका विचाराची नव्हती. कोणी धर्मासाठी मत दिले, कोणी दिलेल्या वचनासाठी, आणि पुष्कळांनी केवळ डावपेचासाठी. धर्माच्या नावाने मांडलेली सूचना ज्यांस धर्माशी कर्तव्य नव्हते त्यांच्या हातांनी पास झाली. आणि ज्या रोमन कॅथलिक नागरिकांनी शतकानुशतके दुय्यम दर्जा सोसला होता त्यांच्या मनास पुन्हा एक घाव बसला. राजकारणात शुद्ध हात राखू पाहणाऱ्यासही ते पूर्ण साधत नाही, असे ही रात्र शिकविते.

पक्ष वाढत गेला. १९२५ साली दोन, १९२९ साली तीन, १९३३ साली तीन व १९३७ साली दोन अशा त्याच्या जागा होत्या. दुसऱ्या जागेवर १९२५ साली आलेले रेव्हरंड पीटर झांट हे निराळ्या, म्हणजे जुन्या राष्ट्रीय मंडळीचे पाळक होते. यावरून पक्ष एकाच मंडळीपुरता राहिला नव्हता हे दिसते. १९२६ साली केर्स्टन पुन्हा रॉटरडॅमच्या मंडळीत आले. ज्या लोकांत शिकलेल्या पाळकांविषयीच संशय होता त्यांच्यासाठी त्यांनी १९२७ साली तेथे पाळकांची शिक्षणशाळा उघडविली, व स्वतः तीत शिकविले. शिक्षण नसल्याची उणीव ज्याने स्वतः भोगली त्यानेच पुढच्या पिढीची ती भरून काढली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात ठेवण्याजोगी आहे.

त्यांच्या शिकवणीतील एक बाजू मात्र आपल्या भगिनींस खटकल्याशिवाय राहणार नाही. स्त्रीचे स्थान घरात आहे, राज्यकारभारात नाही, असे मानून ह्या पक्षाने स्त्रियांच्या मताधिकारास विरोध केला. येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. केर्स्टन ज्या १९२२ साली पार्लमेंटात गेले त्याच वर्षीच्या एप्रिलात, आपल्या बारामतीहून फार दूर नसलेल्या केडगावी, पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांनी शेकडो निराधार स्त्रियांचा संसार उभा केला, संपूर्ण पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून मराठीत भाषांतर केले, आणि १८८९ साली मुंबईच्या काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून हजेरीही लावली. त्यांचा विश्वास केर्स्टन ह्यांच्याहून काही कमी दृढ नव्हता. तेव्हा शास्त्रास मान देणे व स्त्रीस मागे ठेवणे ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे आपल्या भीमाकाठच्या मातीनेच दाखवून दिले आहे.

आता चरित्राच्या दुःखद भागाकडे येतो. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. राणी व मंत्री इंग्लंडास गेले. १४ मे रोजी विमानांतून बॉम्ब टाकून केर्स्टन ह्यांच्या रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख करण्यात आला. केर्स्टन ह्यांनी ह्या आपत्तीत देवाचा न्यायदंड पाहिला. राष्ट्राने पाप केले म्हणून ही शिक्षा आली. तेव्हा पश्चात्ताप करावा व जी सत्ता वर आहे तिच्या आज्ञेत राहावे, असा त्यांचा रोख होता. सत्तेविरुद्ध गुप्तपणे लढणे त्यांस मान्य नव्हते. ज्या पुरुषाने स्वतःच्या देशातील मंत्र्यांपुढे कधी मान लवविली नाही त्याने परकी जुलमी सत्तेपुढे असे नमते घ्यावे, ही विलक्षण गोष्ट होय. त्या पाच वर्षांत हॉलंडमधून एक लाखाहून अधिक ज्यू स्त्रीपुरुष व मुले धरून नेऊन ठार मारण्यात आली. त्याच काळी हार्लेम शहरात टेन बोम नावाच्या घड्याळजीच्या कुटुंबाने, तेही प्रॉटेस्टंट विश्वासाचेच, आपल्या घरात ज्यूंस लपविले. १९४४ च्या फेब्रुवारीत ते पकडले गेले. वृद्ध पिता तुरुंगात मरण पावला, एक कन्या छळछावणीत मेली, व दुसरी, कॉरी, सुटून आली. काउपर ह्यांच्या अनुयायांपैकीही पुष्कळ जण गुप्त चळवळीत पडले. एकच पवित्र शास्त्र वाचणारी माणसे त्या पाच वर्षांत किती निरनिराळ्या वाटांनी गेली!

१९४५ साली देश मुक्त झाल्यावर सभासदांच्या युद्धकाळातील वर्तनाची चौकशी झाली, आणि केर्स्टन ह्यांस सभागृहात परत बसू न देण्याचा निर्णय झाला. तेवीस वर्षांपूर्वी जेथे ते एकटे शिरले होते तेथून ते असे बाहेर पडले. पक्षाचे पुढारीपण झांट ह्यांच्याकडे गेले. केर्स्टन ह्यांनी आपली लेखणी ठेवली नाही. १९४७ साली त्यांचा सुधारित मताच्या धर्मसिद्धान्तांवरील मोठा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढल्या वर्षी, ६ सप्टेंबर १९४८ रोजी, झेलंडमधील वार्डे गावी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या खेड्यांतील कोळ्यां-शेतकऱ्यांची बाजू त्यांनी जन्मभर मांडली, त्यांच्याच प्रांतात त्यांनी डोळे मिटले.

त्यांचा पक्ष मात्र मेला नाही. हॉलंडच्या पार्लमेंटात १९२२ पासून त्याचे सभासद सतत निवडून येत आहेत. दोन-तीन जागांच्या पुढे तो फारसा गेला नाही व त्यास त्याची खंतही दिसत नाही. स्त्रियांच्या उमेदवारीस असलेला विरोध २०१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविला, आणि २०१३ साली पक्षाने आपला नियम बदलला. पुढच्याच वर्षी त्या पक्षाची पहिली स्त्री सभासद एका नगरसभेत निवडून आली, व ते शहर झेलंड प्रांतातीलच होते.

आता कोणी पालक विचारील की, आपल्या महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी असा पक्ष का काढला नाही? प्रश्न योग्य आहे. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या असेंब्लीत भारतीय ख्रिस्ती समाजासाठी तीन जागा राखून ठेवल्या होत्या. अशा राखीव जागांच्या आधारावर आपलाही लहानसा निराळा पक्ष उभा राहिला असता. परंतु स्वतंत्र भारताची घटना तयार होत असता, १९४९ साली, धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून देण्याचे ठरले. आणि ह्या निर्णयास पाठिंबा देणाऱ्यांत घटनासमितीचे उपाध्यक्ष, बंगालचे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती गृहस्थ डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे पुढे होते. निराळे कुंपण घालून राहण्यापेक्षा शेजाऱ्यांवर विश्वास टाकून त्यांच्यात मिसळून राहावे, असा तो मार्ग होता. घटनेने प्रत्येकास आपला धर्म पाळण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि अल्पसंख्य समाजांस आपल्या शाळा चालविण्याचा हक्क दिला. ही आपली शाळाही त्याच हक्काच्या छायेखाली उभी आहे.

जो समाज संख्येने अल्प आहे त्याने राज्यसत्तेच्या हाती धर्मरक्षणाची तलवार देण्याची इच्छा कधीही करू नये. ती तलवार आज दुसऱ्यावर चालली तर उद्या आपल्यावर चालेल. गीदो द ब्रे ह्याच्यावर ती चाललीच होती. केर्स्टन ह्यांच्या लोकांच्या आजोबांनी सरकारचे दंड व शिपाई सोसले होते, तरी नातवांनी त्याच सरकारकडून दुसऱ्यांच्या उपासनेस आळा घालण्याची अपेक्षा धरली. ही विसंगती त्यांस दिसली नाही, हा त्यांच्या विचारातील मोठा दोष होय.

असे असले तरी केर्स्टन ह्यांच्या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. अशिक्षित व उपेक्षित लोकांस त्यांनी एकत्र केले, त्यांस वृत्तपत्र दिले, शिक्षणशाळा दिली, व देशाच्या सभेत आवाज दिला. शंभरांत एकटे असतानाही त्यांनी आपले मत लपविले नाही. परंतु केवळ निश्चय म्हणजे सत्य नव्हे. बांधावर पहारा करणाऱ्याने समुद्र कोणत्या बाजूने येत आहे हेही पाहिले पाहिजे. केर्स्टन जन्मभर रोमच्या दिशेकडे डोळे लावून बसले, आणि खरा पूर आला तेव्हा तो पूर्वेच्या सीमेवरून आला. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही लवकरच मतदार व्हाल. तुमच्या विश्वासाला घट्ट धरून राहा; परंतु तुमच्या मतामुळे तुमच्या शेजाऱ्याचे काय होईल, हा प्रश्न मतपेटीपुढे उभे राहताना स्वतःस अवश्य विचारा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ज्याने दिली, त्याला तो शेजारी कोणत्या धर्माचा हे विचारण्याची गरज पडली नाही.